एमआरआय ॲडमिट झाल्यावर करू

"फूट ड्रॉप," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पाऊल घोट्यातून वर उचलता न येणं. एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून त्यांनी कमरेतली सरकलेली चकती दाखवली. ती नस दाबत होती. "डोंबिवलीच्या डॉक्टरांनी हा स्कॅन तीन आठवड्यांपूर्वीच लिहून दिलाय. इतके दिवस थांबलात का?"

मी तोंड उघडायच्या आत माझी बायको सुनीता म्हणाली, "मलाच त्या मशीनची भीती वाटत होती."

साफ खोटं. थांबवलं होतं मी.

कोपरच्या आमच्या सोसायटीत मेडिक्लेमचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. पॉलिसी तोंडपाठ असल्याचा माझा तोरा. नुसत्या स्कॅनचे पैसे मिळत नाहीत, उपचारासाठी ॲडमिट व्हावं लागतं, हे मी सगळ्यांना ऐकवायचो. घरीही तेच. "ॲडमिट व्हायची वेळ आलीच तर तेव्हा करू. गोळ्यांनी बरं वाटेल." पायातून चप्पल निसटते असं सुनीता म्हणाली, तर मी तिला पट्ट्याची चप्पल आणून दिली. अक्कल बघा माझी.

घोडबंदर रोडच्या त्या हॉस्पिटलात स्कॅन झाल्यावर लगेच ऑपरेशन ठरलं. इन्शुरन्सच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "काका, आधीच्या तपासण्यांची बिलं? त्याच आजाराची असली तर ॲडमिशनच्या आधीच्या महिन्याभराचीही चालतात."

मी तिथेच पॉलिसी उघडली. तसं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे स्कॅन वेळेवर केला असता तरी पैसे मिळालेच असते. मी तो भाग कधी नीट वाचलाच नव्हता. मला माझी भयंकर लाज वाटली.

तुमच्या घरी कुणाला डॉक्टरांनी स्कॅन लिहून दिला, तर आधी तो करा. पॉलिसी नंतर वाचा.

ऑपरेशननंतर सुनीताच्या कमरेतून पायात जाणाऱ्या कळा थांबल्या. पाऊल अजून पूर्ण उचलत नाही. व्यायाम चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, आणि पूर्वीसारखं होईलच असं नाही.

आमची मुलगी घरी आली की आईवरच चिडायची. "अगं आई, एवढं काय घाबरायचं त्या मशीनला?" सुनीता हसण्यावारी न्यायची. मी पेपरात डोकं घालून बसायचो.

गेल्या रविवारी मात्र राहवलं नाही. "ती घाबरली नव्हती गं. मी थांबवलेलं तिला."

सुनीताने पायाचा व्यायाम थांबवला.

"बरं झालं बोललात," ती म्हणाली. "मी रोज वाट बघत होते."