कमरेत सुई नको

केमोनंतर तिसऱ्या दिवशी अप्पांचं अंग ठणकायला लागलं आणि काकांनी परस्पर गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. घरात सगळ्यात कमी बोलणारी मीच.

दर तीन आठवड्यांनी मी वडिलांना, म्हणजे अप्पांना, एसटीनं सांगलीला न्यायची. सकाळी केमो, संध्याकाळी घरी. मध्यंतरी त्यांच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. तिथल्या सिस्टरनी बजावलं होतं, केमोनं रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, त्यात ही गोळी. आम्हाला विचारल्याशिवाय दुखण्याचं औषध नाही, कमरेत सुई तर नाहीच, आत रक्त साचतं. मी सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलं. इंग्रजीत, सवयीनं. अप्पांना फौजेतलं इंग्रजी येतं, पण माझं बारीक तिरकं अक्षर लागत नाही. बाकी घराला तर तो नुसता कागद.

आमच्या गावात सुई न टोचता डॉक्टर गेले, तर त्यांनी बघितलं असं कुणी धरत नाही. डॉक्टरांनी बाटलीतून औषध ओढलं. "नको," मी म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मी डॉक्टर आणि पलंगाच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"सुई नको, डॉक्टर. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे."

"आवं, तुमी मारा," काका म्हणाले. "पोरगी आता तुमास्नी शिकवाय लागली."

डॉक्टरांचा हात मात्र थांबला. "गोळीचं मला का नाही सांगितलं?"

"एवढीशी तर गोळी हाय. तिचं काय सांगायचं?"

मी सांगलीला फोन लावून स्पीकरवर टाकला. सिस्टरनी विचारलं, ताप आहे का, कुठून रक्त येतं का.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"सकाळी ब्रशला रक्त होतं," मी म्हणाले. ते मी पाहिलं होतं आणि गप्प बसले होते.

"फौजेत लय बघितलंय रक्त," अप्पा म्हणाले.

"तेव्हा ही गोळी नव्हती, अप्पा," सिस्टर म्हणाल्या. "आत्ता रक्त तपासा. रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना दाखवते. संध्याकाळच्या गोळीचं तेच सांगतील, मनानं घेऊ नका, मनानं बंदही करू नका."

गावातल्या डॉक्टरांनी हाताच्या शिरेतून रक्त काढलं आणि कापूस बराच वेळ स्वतः दाबून धरला.

"म्हंजे सुई टोचलीच की!" काका खूश झाले.

दुपारी रिपोर्ट आला, प्लेटलेट बऱ्याच उतरल्या होत्या. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं.

त्याच दुपारी मी जुना कागद फाडला. नवा मराठीत, ठळक अक्षरांत. ऱ्हस्व-दीर्घ आईनं तपासलं. पहिली प्रत डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वतः नेऊन दिली, दुसरी काकांच्या हातात ठेवली.

"मोठ्यानं वाचा," मी म्हणाले.

काकांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "वाच की."

काकांनी वाचलं. कमरेतल्या सुईची ओळ तेवढी गाळली. मी ती परत वाचायला लावली.