मॅनेजर दारातून आला

दवाखान्यात शिरताना तोंड बंद ठेवायचं, हा नियम जनावरांसाठी नव्हता, मालकांसाठी होता. तपासणीच्या खोलीच्या काचेच्या दारापासून टेबलापर्यंत जेवढी फरशी होती, तेवढी जनावरानं आपल्या पायांनी चालायची. मालकानं पट्टा सैल सोडायचा. डॉक्टरीण टेबलापाशी हाताची घडी घालून नुसती बघत राहायची. कुणी मध्येच तक्रार सांगू लागलं, तर "कुत्रा सांगतोय ना? मग तुम्ही कशाला त्रास घेताय?" असं भल्याभल्यांना सुनावायची. लोक पहिल्या खेपेला चिडायचे, दुसऱ्या खेपेला हसायचे आणि त्यानंतर शेजाऱ्यालाही सोबत घेऊन यायचे.

माणसं आपल्या जनावराबद्दल खोटं बोलतात असं तिचं म्हणणं नव्हतं. माणसं स्वतःला सोयीचं वाटेल ते बोलतात, एवढंच. एक गृहस्थ डोळे पुसत आले होते. कुत्र्याची भूक मेली म्हणे, ताटाला तोंड लावत नाही. मागून कुत्रा पिंपासारखा डुलत आत आला. ती दारातच म्हणाली, "घरात आणखी कोण कोण भरवतं याला?" निघाले की सगळेच. प्रत्येकाला वाटत होतं, बिचाऱ्याकडे आपल्याशिवाय कोण बघतंय. "भूक जिवंत आहे हो," ती म्हणाली, "तुमची पाळी येईपर्यंत ती भागलेली असते."

तिला स्वतःच्या नजरेचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. दवाखाना काढला तेव्हा गल्लीत हसणारेच जास्त होते. ही एवढीशी बाई दांडगा कुत्रा कसा धरणार, म्हणत. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही, कुत्रे धरले.

बाहेरच्या खोलीचा कारभार सासूबाईंकडे होता. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी शिस्त सुटली नव्हती. मांजरवाले डावीकडच्या बाकावर, कुत्रेवाले उजवीकडे, मोबाईल पिशवीत. त्यांच्यासमोर बोकेसुद्धा आवाज चढवत नसत. आणि त्यांच्या टेबलाखाली, पायांशी, मॅनेजर.

मॅनेजर म्हणजे तपकिरी रंगाचा, आता म्हातारा झालेला कुत्रा. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी पुढचा पाय मोडलेलं पिल्लू खोक्यात घालून शटरपाशी ठेवून गेलं होतं. तिनं पाय जोडला. जरा बरा झाला की कुणाला तरी देऊ, असं ठरलं, आणि मग ते कुणीच पुन्हा बोललं नाही. घर दवाखान्याच्या मागेच, मधल्या दारानं जोडलेलं. मॅनेजर सकाळी मागच्या अंगणात जाऊन यायचा, मधल्या दारानं कामावर हजर व्हायचा आणि दिवसभर टेबलाखाली झोपून सगळ्यांवर देखरेख ठेवायचा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला सासूबाई म्हणाल्या, "अगं, याचं पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतंय."

ती एका सशाची नखं कापत होती. "ऊन किती आहे, आई."

काही दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, "सुकलाय गं हा."

"वय झालंय त्याचं. जेवतोय ना पोटभर?"

जेवत होता, उलट जास्तच जेवत होता. सासूबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे मनात काहीतरी शिजतंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला तेव्हा पुढच्या पेशंटची घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून हाक आली, "नंबर एक!"

ती सवयीनं टेबलापाशी उभी राहिली, हाताची घडी घातली. दार उघडलं आणि एक म्हातारा कुत्रा आत आला. पाठीचा कणा वर आलेला, केस निस्तेज, मागचे पाय थकलेले. मान पुढे काढून, हुंगत हुंगत, अंदाजानं पाऊल टाकत होता. वजनाचा काटा तिनं नुकताच भिंतीपासून हलवून दारापाशी आणला होता. कुत्रा सरळ त्यावर जाऊन आदळला.

मधुमेह, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मालकानं फार उशीर केलाय. एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग कुत्र्यानं पुढचा पाय टाकला, तो किंचित बाहेर फेकत, तिनंच जोडलेला पाय, आणि तिच्या हाताची घडी सुटली.

पट्टा सासूबाईंच्या हातात होता. गल्लीला वळसा घालून त्या त्याला पुढच्या दारानं घेऊन आल्या होत्या.

"आई, हा..."

"मालकानं बोलायचं नसतं ना इथे? मी काही बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण मुख्याध्यापिकाच त्या, राहवलं नाही. "दिव्याखाली अंधार. सगळ्या गावाची जनावरं तू दारातून बघतेस. हा बिचारा कधी दारातून आलाच नाही."

तिनं कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रानं दाखवलेला आकडा बघून पुन्हा एक थेंब घेतला. साखर भडकलेली होती. आणखी रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवलं. मूत्रपिंडं शाबूत असली तर इंजेक्शनांवर कुत्रा जगेल. नसली, तर इतर मालकांना ती शांत आवाजात जे सांगायची, ते आज तिला स्वतःला सांगावं लागणार होतं. दिवसभर तिनं पेशंट तपासले, हात कुठे चुकला नाही, पण दर वेळी नजर बाहेरच्या टेबलाखाली जात होती. स्वतःचा इतका राग तिला आजवर कधी आला नव्हता.

संध्याकाळी फोन आला. मूत्रपिंडं ठणठणीत होती. तिनं फोन ठेवला, बाहेर येऊन सासूबाईंच्या टेबलाखाली बसली आणि मॅनेजरच्या मानेत तोंड खुपसून मोकळेपणी रडली. उजवीकडच्या बाकावरचे लोक भिंतीकडे बघत राहिले.

मग उठून, तोंड धुऊन, तिनं सासूबाईंना समोर बसवलं आणि कुठल्याही मालकाला सांगावं तसं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ जेवण झालं की इंजेक्शन. जेवणाची वेळ चुकवायची नाही. साखर ताब्यात आली की डोळ्यांच्या ऑपरेशनचं बघू. तोवर दवाखान्यातली एकही खुर्ची हलवायची नाही.

"चहाबरोबरचं बिस्किट?"

"बंद. बिस्किटामुळे हे झालेलं नाही, पण आता चालणार नाही."

"अर्धं?"

"आई."

तेव्हापासून सकाळी मधलं दार बंद असतं. मॅनेजर गल्लीतून फिरून पुढच्या दारानं येतो, पहिला नंबर त्याचाच. काटा पुन्हा भिंतीपाशी गेलाय. हळूहळू त्याच्या कण्यावर मांस चढलं, केसांना चमक आली, पावलं ठाम पडू लागली. परवा तो दारापासून टेबलापर्यंत चक्क दुडक्या चालीत आला आणि ती मनापासून खूश झाली.

मागून पट्टा धरून सासूबाई आल्या. तिच्या हाताची घडी अजून सुटली नव्हती.

"झालं ना त्याचं? आता काय बघतेस?"

"पट्टा सोडा, आई. आणि टेबलापर्यंत चालत या."

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. भिंतीला टेकवलेला हात त्यांनी हळूच काढून घेतला.

"डाव्या गुडघ्याचं तुला कधी कळलं?"

"आत्ता," ती म्हणाली, आणि त्यांना हात द्यायला पुढे झाली.