मिठातले वाल

माझी वहिनी धरमतरकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. आमचं घर निडीजवळ. भात निघालं की त्याच शेतात वाल. बियाण्याचे वाल राखेत ठेवायचे, यावर आमच्याकडे कधी कुणी डोकं चालवलं नाही. यंदा आईने अर्धं बियाणं या नव्या सुनेवर सोपवलं. तिने राख झटकली, वाल पुसले आणि जाड मिठात घालून बरणी बंद केली. तिच्या माहेरी टिकवायचं ते सगळं मिठातच जातं. तिचं काय चुकलं?

पेरणीच्या तोंडावर बरणी उघडली आणि आईचा पारा चढला. "बियाणं मारलंन हिनं! खाऱ्या जमनीत कधी वाल झालेत काय?" घरचं जुनं वाण, बाजारात मिळायचं नाही. ती बरणी उकिरड्यावर ओतायला निघाली होती; मी तेव्हा घरी आले होते, मी तिच्या हातातून घेतली. वहिनी मात्र आतल्या खोलीत कपड्यांची पिशवी भरत बसली होती. "मी माहेरी जाते ताई, माझ्यानं नाय व्हायचं." "दोन दिवस थांब, मी वाल तपासून बघते," मी तिला म्हटलं.

मी पेणला राहते आणि रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मायक्रो-सीटीवर काम करते. औषधाच्या गोळीत केसाहून बारीक भेग असली तरी आमच्या एक्स-रेला दिसते. साहेबांना विचारलं. "गोळ्या उरकल्या की लावा तुमचे वाल," ते म्हणाले, "पण बिरड्याचं आमंत्रण पाहिजे."

मिठातले थोडे दाणे नेले होते, आणि तुलनेला आईच्या राखेतलेही. थर्माकोलच्या तुकड्यात दाणा बसवला, यंत्राचं दार लावलं. दाणा आत सावकाश फिरतो, एक्स-रे निघत राहतात, आणि संगणक त्यांतून दाण्याचे पातळ काप रचून दाखवतो. दाणा न कापता. मला घाम फुटला होता. गोळ्यांसाठी कधी फुटत नाही.

सालीवर मिठाचे पांढरे ठिपके. आत दोन्ही डाळी अखंड, आणि त्यांच्यामध्ये घडी घालून ठेवलेला इवलासा कोंब. भेग नाही, कीड नाही. दुसरा तसाच, तिसराही. "हुश्श!" मी एकटीच मोठ्याने म्हणाले. कोंब जिवंत आहे का, हे यंत्र सांगत नाही. पण शाबूत होता, एवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला. मग राखेतले लावले. बाहेरून तुकतुकीत, आतून पोखरलेले. एकात तर अळी वेटोळं करून आरामात बसलेली. मला हसू आलं आणि लगेच आईची भीती वाटली.

फोन केला. "आई, वहिनीचे वाल शाबूत आहेत. अगदी आतपर्यंत."

"आन माझे?"

सांगावं लागलं. मग फोन न ठेवताच तिने आत हाक मारली, "अगो, ये हिकडं. तुझे वाल चांगले हायत."

फोनमधून वहिनीचा हुंदका ऐकू आला. लॅबमध्ये उभ्या उभ्या मीही डोळे पुसले.

"रडतेस कशाला गो?" आई तिला म्हणत होती. "पुढल्या वर्षी सगळं बियाणं तूच ठेव."