एक वीत मागे

तोमिए कुरोसाका या बाईला विचारा, किती हरणं मारलीस, तर ती खांदे उडवेल. पण किती सोडलीस असं विचारलंत, तर मात्र मांडी घालून बसा आणि चहा मागवा, कारण ती एकेक करून सांगणार! हे माझ्याकडे तोंड करून उभं होतं म्हणून सोडलं, ते झुडपाआड होतं म्हणून, त्या तिसऱ्याच्या मागे त्याची मादी होती म्हणून. आमच्या नोसाप्पे खोऱ्यात तिचं नावच पडलं होतं, 'अजून-नाही-सान', म्हणजे 'अजून-नाही-बाई'. बंदूक खांद्याला लावली की तोंडातून पहिला शब्द तोच निघायचा, "अजून नाही."

बाई ठेंगणी, गोल, आणि आवाज असा की शाळेच्या स्वयंपाकघरातून हाक मारली तर मैदानावरची पोरं पंगतीत येऊन बसायची. एकवीस वर्षं तिनं त्या शाळेत भात शिजवला. पन्नाशीला आली तेव्हा हरणांनी नवऱ्याचं बिटाचं शेत सलग तिसऱ्या वर्षी फस्त केलं. नवरा कपाळाला हात लावून बसला. ही उठली आणि थेट ओनुकी-सानच्या दारात जाऊन उभी राहिली.

ओनुकी-सान म्हणजे खोऱ्यातला सगळ्यात जुना शिकारी. तेव्हा सत्तरीचा, काठीसारखा ताठ, बोलणं तोलूनमापून. तो म्हणाला, "बंदूक घरी ठेव. सुरी घेऊन ये."

दोन हिवाळे त्यानं तिला एक गोळी झाडू दिली नाही. इतरांनी मारलेली हरणं उघडायची, साफ करायची, बस. बाई कोपरापर्यंत हात घालून चिडायची, "शिशो, मी स्वयंपाकीणच राहणार होते तर शाळा काय वाईट होती?" शिशो म्हणजे गुरू, ती त्याला तेच म्हणायची. तो म्हणायचा, "काळीज कुठे आहे?" ती बोट दाखवायची. "लोकांना वाटतं तिथे आहे का?" नाही, नव्हतं. लोकांना वाटतं त्याहून खाली होतं आणि कितीतरी पुढे, पार पुढच्या पायांच्या मध्ये. फुप्फुसं त्याच्या वर आणि मागे. त्याच्यामागे एक पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे पोट. पडद्याच्या पुढे गोळी लागली तर हरीण पन्नास-साठ पावलांत खाली. मागे लागली तर ते दिवसभर मरत राहतं.

मग बाईनं गंमतच केली. दुधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून गॅरेजात अख्खं हरीण उभं केलं आणि फुप्फुसांच्या जागी आत दोन लाल फुगे टांगले. एका विणायच्या सुईनं ती सगळ्या बाजूंनी भोसकून बघायची. आडवं उभं असेल तर इथून. तिरपं, पाठमोरं असेल तर शेवटच्या बरगडीपाशी आत, म्हणजे पलीकडच्या खांद्यातून बाहेर. सरळ पाठमोरं असेल तर? कुठूनही नाही! नवरा आपला दारात उभा राहून म्हणायचा, "फुगे संपले, वाण्याकडे माझी अब्रू जाते. त्याला वाटतं घरात बारसं आहे."

"गोळी आत कुठून जाते ते सगळेच बघतात," हे शिशोचं वाक्य. "ती बाहेर कुठून पडणार ते बघ."

आणि एक शब्द होता, जो आमच्याकडे शिकारी हळू आवाजात बोलतात. हान्या. म्हणजे अर्धा बाण. लागला, पण मेलं नाही आणि निघून गेलं. हान्या झाला तर करणाऱ्यानं हातातल्या बिनतारी रेडिओवर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "हान्या, माझा," आणि सगळ्यांनी हातातलं सोडून शोधायला लागायचं. तोमिएनं दहा वर्षांत हा शब्द कधी स्वतःसाठी उच्चारला नव्हता. ओनुकी-साननं चाळीस वर्षांत नाही.

दहा वर्षं का म्हणते? कारण आमच्याकडे कायदाच तसा होता. दहा वर्षं साधी बंदूक नीट सांभाळा, मग रायफलचा परवाना. त्या डिसेंबरात बाईला रायफल मिळाली आणि काय सांगू, ती रायफल घेऊन जेवायला बसायची तेवढी बाकी होती! आता दीडशे पावलांवरचं हरीणही तिच्या आवाक्यात आलं होतं.

त्या दिवशी तिघं निघाले. ती, एक्याऐंशी वर्षांचा ओनुकी-सान, आणि दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर साकुमा, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं. गुडघाभर बर्फ, स्वच्छ ऊन, वारा नावाला नाही. असा दिवस वर्षातून चारदा मिळतो. तिघं वेगवेगळ्या टेकाडांवर जाऊन बसले.

सकाळी अकराला पहिलं हरीण दिसलं. तोंड करून सरळ तिच्याकडेच बघत होतं. "अजून नाही," बाई पुटपुटली. ते गेलं. बाराला दुसरं आलं, छान आडवं, पण टेकाडाच्या माथ्यावर, मागे नुसतं आभाळ. गोळी पार गेली तर कुठे पडणार? सोडलं. दुपारी एकला तिसरं. त्याच्या पोटाला चिकटून मागे एक पिल्लू. तेही सोडलं.

रेडिओ खरखरला. "तोमिए-सान," साकुमाचा आवाज, "ती रायफल शिकारीसाठी घेतलीत की मार्चच्या सणाला बाहुल्या मांडतात त्यांच्या शेजारी ठेवायला?"

"तुझ्या टँकरला भोक पाडून दाखवू का?" बाई म्हणाली. "आडवा उभा राहतोस तू नेहमी, नेम सोपा आहे."

साकुमा खिदळत होता तेवढ्यात डावीकडून, ओनुकी-सानच्या टेकाडावरून, धाड्‌कन बार झाला. एक वाजून पस्तीस मिनिटं. बाईनं दुर्बीण त्या बाजूला वळवली. काय नर होता तो! दोन्ही शिंगांना चार-चार टोकं, मान घोड्यासारखी जाड. आणि त्यानं उडी मारली नाही, पळाला नाही. पाठ वर उचलून कमानीसारखी वाकवली, पोट आत ओढलं, आणि हळूहळू चालत लार्चच्या झाडीत शिरला.

रेडिओवर शिशोचा शांत आवाज आला. "चुकली. वरून गेली."

"हात्तिच्या!" साकुमा म्हणाला. "चला, भाताचे गोळे काढा, भूक लागलीये."

तोमिएनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पाठ अशी वाकवतं ते हरीण पोटात लागलेलं. हे तिला शिकवलं कुणी? त्यानंच! मग तो चुकली का म्हणतोय? तिच्या मनात आलं, म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांचं नाव राखायला खोटं सांगितलं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. बोलावं तर गुरूला सगळ्यांच्या कानावर खोटं पाडायचं. न बोलावं तर तो नर रात्रभर बर्फात पोट धरून मरणार, आणि पहाटे कोल्हे तो जिवंत असतानाच सुरुवात करणार.

तिनं बटण दाबलं. "शिशो, लागलीये. पोटात लागलीये. त्यानं पाठ वाकवली, मी पाहिलं."

मग शिशो म्हणाला, "जागा बघ."

ती धापा टाकत तिथे पोचली. बर्फावर आखूड, पांढरट केस. पोटाचे केस. थोडं पुढे रक्ताचे दोन थेंब, काळपट, आणि त्यात चघळलेल्या पाल्याचा हिरवा चोथा. वास घ्यायचीही गरज नव्हती.

"हान्या," ती म्हणाली. कुणाचा ते बोलली नाही.

साकुमा धावत आला. हसू पार उतरलं होतं. "चला मग! सूर्य पावणेचारला जातो. उभे काय राहिलात?"

सूर्य गेला की आमच्याकडे बंदूक पिशवीत. कायदा म्हणजे कायदा, जखमी हरीण समोर दिसत असलं तरी.

"अजून नाही," तोमिए म्हणाली.

"अहो, आता कसलं अजून नाही!"

"आत्ता मागे लागलो तर तो उठेल आणि डोंगर ओलांडेल. सोडलं तर दोनशे पावलांत बसेल. दुखतंय त्याला, त्याला बसायचंच आहे. बसू दे. तासभर."

"आणि वेळ संपली तर?"

"तर पाप माझं. बस खाली!"

तो तास! साकुमा घड्याळ बघायचा, बाई त्याच्याकडे डोळे वटारायची, की परत घड्याळ. ओनुकी-सान काठी टेकत आला, केस बघितले, बोटांत धरून डोळ्यांच्या अगदी जवळ नेले, आणि बाजूला बसला. बाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन पंचेचाळीसला ती उठली. पुढे ती, तीस पावलं मागे साकुमा, सगळ्यात मागे म्हातारा. खुणा झाडीतून वर जात होत्या. एके ठिकाणी बर्फ दबलेला, मध्ये काळा डाग. इथे बसला होता आणि उठला. पुढे पुन्हा एक जागा. अजून उठला! तीन वीस झाले. झाडांच्या सावल्या लांबत चालल्या होत्या. बाईच्या पाठीवरून घाम वाहत होता आणि बोटं गारठून लाकूड झाली होती. तीन पस्तीसला तिनं हात वर केला.

ऐंशी पावलांवर, आडव्या पडलेल्या खोडापलीकडे, शिंगं दिसत होती. नर उठून उभा राहिला. सरळ पाठमोरा. नुसता पांढरा ढुंगणाचा गोळा तिच्याकडे.

तिनं खोडावर हात टेकून रायफल लावली. साकुमा सरकत तिच्या मागे आला आणि कानाशी फुसफुसला, "मारा! जखमीच आहे, कुठेही मारा!"

"अजून नाही."

"आठ मिनिटं राहिली!"

"एक हान्या त्याला झालाय. दुसरा माझ्या हातून नाही."

नर डुलत उभा होता. नाकातून वाफ. तोमिए श्वास घेत होती, सोडत होती, आणि ओठांनी नुसतं म्हणत होती, वळ रे बाळा, एक पाऊल वळ, एकच. तीन एक्केचाळीस. साकुमाचं घड्याळ तिला ऐकू यायला लागलं. नरानं मान वळवली. मग पुढचा उजवा पाय उचलला, टाकला, आणि अंग तिरपं झालं. शेवटची बरगडी इथे. पलीकडचा खांदा तिथे. मागे डोंगराची माती. तिनं चाप ओढला.

बार! नर पुढे झेपावला, बर्फ उडाला, झुडपं मोडल्याचा आवाज आला, आणि मग काही नाही. बाई काडतूस भरून तशीच रोखून उभी. साकुमा खोडावर चढला आणि ओरडला, "पडला! पडला! तीस पावलंसुद्धा गेला नाही!"

आणि साठी ओलांडलेली ती बाई, देवाशप्पथ, बर्फात उड्या मारायला लागली. साकुमाच्या पाठीत तिनं असा धपाटा घातला की त्याची टोपी उडाली. "फुगे! दोन्ही फुगे!" ती ओरडत होती, आणि साकुमाला वाटलं बाई वेडी झाली.

जवळ जाऊन तिनं काठीनं डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मग दोघांनी हात जोडले. पलीकडच्या खांद्यातून गोळी पार झाली होती, जिथे व्हायला हवी होती तिथेच.

ओनुकी-सान दहा मिनिटांनी पोचला. दम लागला होता. तो गुडघ्यांवर बसला, हातमोजा काढला, आणि नराच्या कुशीवर बोटं फिरवायला लागला. डोळ्यांनी नाही, बोटांनी. त्याचं भोक सापडलं. त्यावर त्यानं करंगळी ठेवली, पंजा ताणला, आणि अंगठा पुढे टेकला. अंगठा बरोब्बर फुप्फुसांवर.

"एक वीत मागे," तो म्हणाला.

त्यानं रेडिओ तोंडाशी नेला. ऐकणारे दोघं समोरच उभे होते, तरी बटण दाबून म्हणाला, "ओनुकी. हान्या, माझा."

तोमिएचा राग एकदम विरघळला. तरी तिनं विचारलंच, कारण पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नाही. "शिशो, मग तेव्हा चुकली का म्हणालात?"

"त्यानं पाठ वाकवली म्हणालीस. किती?"

"केवढी तरी! मांजरासारखी."

"मला नाही दिसली," म्हातारा म्हणाला. "मला फक्त तो चालत गेलेला दिसला. मला खरंच वाटलं, वरून गेली."

म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. बाईचा जीव भांड्यात पडला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून काही बोलणार, इतक्यात तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तोमिए, या मोसमात आजच्या आधी मी 'चुकली' असं तीनदा म्हणालो."

साकुमा दोरी सोडवत होता, त्याचे हात थांबले.

"एक पुलापाशी," म्हातारा बोटांवर मोजत होता. "एक वरच्या झऱ्यावर. आणि एक लाकडाच्या गिरणीमागे."

त्या तिन्ही वेळा कुणीही बर्फ बघायला गेलं नव्हतं, कारण चुकली असं ओनुकी-सान म्हणाला होता. गिरणीमागच्या वेळी तर तोमिए त्याच्या शेजारीच उभी होती, आणि "जाऊ द्या शिशो, चहा गार होतोय," असं तीच म्हणाली होती.