दळणवळणाचं कपाट

"तुमच्या विषयाला पुस्तकं नाहीत, ई-संसाधनं आहेत. भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा," कॉम्प्युटरवरची नजर न काढता ग्रंथपाल मॅडमनी मला सांगितलं, तेव्हा मी नगरच्या कॉलेजात जनसंवादाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

कोड स्कॅन केला. पासवर्ड मागितला. मॅडम म्हणाल्या पासवर्ड सरांकडे, सर म्हणाले मॅडमकडे. आठवडाभर मी या मजल्यावरून त्या मजल्यावर. शेवटी कळलं की पासवर्ड ही ई-संसाधनं पुरवणाऱ्या कंपनीकडे आहे आणि कंपनीचा माणूस प्रशिक्षणाला येणार आहे. तो आला. सभागृहात पडद्यावर त्यानं 'कम्युनिकेशन' असं टाइप केलं आणि लेखांची रांग लागली. सगळे खूश. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या. मग त्यानं विचारलं, कुणाला काही शोधायचंय? मी हात वर केला आणि म्हटलं, राजूर टाका. त्यानं टाकलं. पडद्यावर उत्तर आलं, तुम्हाला राजपूर म्हणायचंय का?

सगळे हसले. मीही हसले, पण आतून तिडीक उठली होती.

मला राजूरच म्हणायचं होतं. अकोले तालुक्यातलं आमचं बाजाराचं गाव, आणि त्याच्याही वर डोंगरात आमची वाडी. वाडीवर एसटीची सकाळची एक गाडी यायची. त्या गाडीनं मी राजूरला जाऊन बारावी केली, मग नगरला वसतिगृह मिळालं. माझ्यामागून धाकटी बहीण अकरावीला गेली आणि त्याच वर्षी गाडी बंद झाली. वडील राजूरला विचारायला गेले, तर तिथं कुणीतरी सांगितलं, "पेपरात आलंय की, तुमची मान्सं बसतच न्हाईत म्हनून बंद केली." वडील परत आले. जंगलातून एकट्या पोरीला रोज पायी धाडायचं कसं, म्हणून तिचं नाव काढलं. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी बहीण म्हणून कौतुकानं सांगत नाही, तिचे मार्क सांगतात.

त्यामुळे माझ्या प्रबंधाचा विषय ठरलेला होता. डोंगरातल्या गाड्या बंद झाल्या त्याची बातमी जिल्ह्यातल्या पेपरांनी कशी दिली? कुणाला विचारून दिली? ती ओळ मला डोळ्यांनी वाचायची होती. बहिणीचं शिक्षण जिच्या नावावर संपलं ती ओळ नेमकी काय होती, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाड्यांबद्दल काही सापडतंय का, म्हणून ग्रंथालयाच्या टोकाला 'दळणवळण' अशी चिठ्ठी लावलेलं एक कपाट होतं ते उघडलं. वरच्या फळीवर रस्ते, घाट, रेल्वे, टपाल. खालच्या फळीकडे वाकले आणि तिथंच बसले. संवादाचे सिद्धांत, वृत्तपत्रांचा इतिहास, नभोवाणी, बातमीचं विश्लेषण कसं करावं... आमच्या अभ्यासक्रमातल्या यादीतली पुस्तकं! दोन वर्षं ज्यांना 'उपलब्ध नाही' म्हणत होते ती सगळी तिथं होती, कोरी करकरीत, काहींची पानं एकमेकांना चिकटलेली. झालं होतं असं की ग्रंथालय कॉम्प्युटरवर घेताना कुणीतरी शब्दकोश उघडला आणि 'कम्युनिकेशन'समोर जो पहिला शब्द दिसला तो लिहून टाकला. शब्दकोशाच्या हिशोबानं चूकही नाही म्हणा. पत्रकारितेची पुस्तकं घाटरस्त्यांच्या खाली जाऊन बसली, एवढंच.

मी मॅडमना हात धरूनच आणलं म्हणाना. त्यांनी कपाट पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगं, मग तू दळणवळण म्हणून विचारायचं ना!"

बोला आता! काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे आपण म्हणतो. पण इथं कळसा त्यांच्या काखेत होता आणि वळसा आम्ही घालत होतो. आमच्या आधी शिकून गेलेल्या सगळ्या मुलामुलींनी परीक्षेला झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स वाचल्या. मी त्या दिवशी मोठ्यानं बोलले. 'शांतता राखा' या पाटीखाली उभी राहून बोलले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

पुस्तकं मिळाली, पण मला पेपर हवे होते. कॉलेजात जिल्ह्यातले सगळे पेपर येतात. जुने अंक कुठं असतात, असं विचारलं. "वर्ष संपलं की रद्दीत. जागा कुठं आहे?" जपून काय ठेवतात मग? कात्रणं. कुणाची? संस्थेची. झेंडावंदन, सत्कार, वृक्षारोपण, पुन्हा सत्कार. प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटबंद ठेवलेली, तपासणी समिती आली की दाखवायला. मी एक पाकीट उलटं केलं. हारतुऱ्यांच्या फोटोच्या मागं कुठल्यातरी गावाच्या पाण्याची बातमी होती, मधूनच कापलेली. गावाचं नाव कात्रीत गेलं होतं. पत्रकारिता शिकवणाऱ्या कॉलेजात पेपर असा वाचला जातो!

मी मार्गदर्शक सरांकडे गेले. सर तसे मवाळ. म्हणाले, "कशाला डोक्याला ताप करून घेतेस? ओटीटीवर कर. सगळं ऑनलाइन मिळतं, दिवाळीपर्यंत मोकळी होशील."

"सर, माझ्या वाडीवरची माणसं सांगतील ना काय झालं ते."

"त्या मुलाखती झाल्या. पेपरानं काय छापलं हे पेपरातूनच दाखवावं लागेल. शनिवारपर्यंत अंक आण, नाहीतर विषय बदल."

सर बरोबर बोलत होते, म्हणून तर जास्त संताप आला. छापलेलं आणा, असं म्हणणारेही हेच आणि छापलेलं रद्दीत घालणारेही हेच. वडिलांना तिकडं 'पेपरात आलंय' म्हणून परत पाठवलं, आणि मला इकडं 'पेपर नाही' म्हणून. आमच्या घरानं करायचं तरी काय?

तिरमिरीतच कॉलेजबाहेर पडले आणि ज्या पेपरात ते छापून आलं असं वडील म्हणत होते त्याच्या कचेरीत शिरले. ती कॉलेजपासून चालत जाण्याइतकी जवळ. तिथल्या एका वयस्कर उपसंपादकांना म्हटलं, मला जुने अंक पाहायचेत. मला वाटलं अर्ज, शिक्का, शिफारस काहीतरी मागतील. ते म्हणाले, "बसा. कुठलं साल?" मागच्या खोलीत बांधीव फाइली रचलेल्या होत्या.

"आमच्या कॉलेजातनं येतं का कुणी इथं?" मी विचारलं.

"येतात की. प्रवेशाची जाहिरात द्यायला."

मी त्या सालाची फाइल पुढ्यात ओढली.

धूळ खात, शिंकत दुपारभर पानं उलटली आणि सापडली. आतल्या पानावर, तळाला. वरती काजव्यांनी लखलखलेल्या झाडाचा मोठा रंगीत फोटो, आमच्याच डोंगरातला, 'या, पाहायला या' म्हणून. खाली सहा ओळी. 'प्रवाशांच्या अत्यल्प प्रतिसादामुळे सदर फेरी बंद करण्यात आल्याचे सांगण्यात आले.' सांगण्यात आले! कुणी सांगितलं? वाडीवर कोण आलं होतं? आमच्याकडच्या एका माणसाचं नाव त्या सहा ओळींत नव्हतं. काजवे दिसले, माणसं दिसली नाहीत. मला त्या कागदाचा इतका राग आला की तो फाडावासा वाटला, आणि तोच कागद मला जिवापाड जपायचा होता. फोटो काढला, तारीख लिहून घेतली. विषय आता बदलावा लागणार नव्हता.

कचेरीच्या पायरीवर बसूनच बहिणीला फोन लावला. पलीकडं तिचं पोर रडत होतं. म्हटलं, सापडली गं ती बातमी. ती म्हणाली, "वाचून दाव." मी वाचली. पलीकडं तिनं पोराला थोपटून शांत केलं.

मग म्हणाली, "ताई, परत वाच."

मी परत वाचली.

"मान्सं न्हवती म्हनत्यात व्हय?" ती म्हणाली. "आगं, मी तर रोज उभ्यानंच जायची. बसाया जागाच नसायची."