शेरा : विचाराधीन

आजवर सोलापुरात लोकांना घरबसल्या श्रीमंत करून देणारे जेवढे फोन आले, त्यांतले निम्मे तरी माझ्या साडूंनीच उचलले असतील, आणि प्रत्येक वेळी नुकसान झालं ते फोन करणाऱ्याचं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हा माणूस शहाणा की खुळा, हे ठरवायला मला बावीस वर्षं मिळाली, पण अजून ठरलेलं नाही. एका सरकारी कचेरीत ते जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसले. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, तारीख टाकायची आणि पुढे सरकवायचा, एवढंच काम. निवृत्त होऊन जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, पण हाताची सवय जाईना. कागद यायचे बंद झाले तेव्हा त्यांनी मोबाइलवर येणाऱ्या योजनांना नंबर द्यायला सुरुवात केली. जाड पुठ्ठ्याची वही, त्यात लाल शाईने आखलेले रकाने : आवक क्रमांक, दिनांक, पाठवणाऱ्याचे नाव, विषय, आणि शेवटी सर्वांत रुंद रकाना, शेरा.

असले फोन आले की लोक ते कापतात, नाहीतर शिव्या देतात. मी शिव्या देणाऱ्यांतला. साडू म्हणतात, "थांबा हां, पेन घेतो." मग समोरच्याचं नाव, गाव, वडील काय करतात, जेवण झालं का, अशी सावकाश चौकशी सुरू होते. पंचवीस लाखांचं बक्षीस लागल्याचं सांगणाऱ्या एकाला त्यांनी माझ्यादेखत पाऊण तास धरून ठेवला. बक्षीस नेमकं कुठल्या कामगिरीबद्दल, निवड कुणी केली, दुसरा नंबर कुणाचा आला, त्याला वाईट तर वाटलं नसेल ना. शेवटी पलीकडचा कळवळून म्हणाला, "काका, मला ठेवू द्या की फोन. मागनं साहेब ओरडायलेत." साडू म्हणाले, "ठेव बाबा. पण जे काय असंल ते पत्रानं कळव." आणि वहीत शेरा लिहिला : "बक्षीस खोटे. माणूस गरीब. धंदा बदलल्यास भवितव्य आहे."

हळूहळू सगळ्या कॉलनीत त्यांचं नाव झालं. कुणाला दामदुपटीची योजना आली, कुणाला घरी बसून पाकिटं भरायचं काम आलं, की लोक आधी साडूंकडे. खरं की खोटं एवढंच त्यांना हवं असायचं आणि नेमकं तेवढंच मिळायचं नाही. शेजारच्या एक शिक्षिकाबाई आल्या होत्या. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, खाली अंगठा दाबायचा आणि दिवसाला हजार कमवायचे, अशी योजना. आधी मात्र आपण पाच हजार भरायचे. साडू म्हणाले, "पैसे बी तुमीच भरायचे, काम बी तुमीच करायचं, मग मालक काय करतो?" बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे खोटं ना?" साडू म्हणाले, "तसं न्हाय. काल तुमास्नी दीडशे रुपये आले म्हणता. आलेल्या पैशाला खोटं कसं म्हणायचं?" बाई गोंधळल्या. "मग भरू का?" "मी भरा म्हणालो व्हय?" बाई आल्या होत्या त्याहून जास्त गोंधळून परत गेल्या. शेरा : "विचाराधीन." त्या वहीतल्या निम्म्या योजना विचाराधीन आहेत. त्यांतल्या बऱ्याच योजनांचे मालक एव्हाना तुरुंगात असतील, पण साडूंच्या दप्तरी त्यांचा निकाल लागलेला नाही.

एकदा ते कुर्डुवाडीला सभेला गेले. आमंत्रण मोबाइलवरच आलेलं. कसल्याशा रसाच्या बाटल्या विकायच्या, खाली माणसं जोडायची आणि वर्षभरात मोटार घ्यायची. व्यासपीठावर कोट घातलेला एक वक्ता टाळ्या घेत होता. आपल्याला मोटारीचा कंटाळा आला म्हणून दुसरी घेतली, असं सांगत होता. सभा संपल्यावर बाकीचे नाव नोंदवायला रांगेत उभे राहिले आणि साडू त्या वक्त्याच्या मागोमाग चालत निघाले. तो गृहस्थ स्टेशनवर गेला, कोट काढून पिशवीत घातला आणि जनरल तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. दुसरा कुणी असता तर तिथेच त्याची कॉलर धरली असती. मी तर धरलीच असती. साडूंनी त्याला बाकावर बसवलं आणि आपल्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी अर्धी त्याला दिली. आम्हाला सांगताना म्हणाले, "दोन दिस जेवला नव्हता की हो. पण बोलतो लई भारी." खोटेपणा पकडायला एवढी पायपीट करायची आणि पकडल्यावर जेवायला घालायचं, यात कसला हिशेब आहे, हे मला कळलेलं नाही.

मी व्यवहाराचा माणूस. सायकलच्या कॅरिअरवर डागी टॉवेल बांधून गल्लोगल्ली विकत मी दुकान उभं केलं. बापाचा पैसा नाही, कुणाची ओळख नाही. मला आयुष्यात एकच विद्या येते, ती म्हणजे भाव पाडणं. आणि या विद्येवरही साडूंनी शेरा मारलेला आहे. तीन वर्षांपूर्वी मला एका ऑनलाइन बाजाराच्या एजन्सीचा फोन आला. अख्ख्या जिल्ह्यात टॉवेल-चादरींचा मीच एकटा विक्रेता, देशभरातून ऑर्डरी, फी साठ हजार. मी तीन तास घासाघीस केली. साठाचे चाळीस, चाळीसचे तीस, आणि शेवटी अठरा हजारांवर आणून ठेवला. समोरचा अक्षरशः रडकुंडीला आला होता. मी एवढा खूश झालो, की पैसे भरण्याआधी स्कूटर काढून थेट साडूंकडे गेलो, पराक्रम सांगायला. त्यांनी शांतपणे ऐकलं, वहीत नंबर टाकला आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या दुकानात मी टॉवेल सत्तरचा पन्नासला मागितला तर तुमी काय करता?"

"पाच रुपये कमी करतो आणि हाकलून देतो."

"का?"

"का म्हणजे? माल घरात येतो तोच साठला पडतो."

"व्हय की. ज्याला माल घ्यावा लागतो, तो कुटंतरी थांबतो. ह्यो थांबलाच न्हाय. त्याच्याकडं देण्यासारखं कायच नसंल, तर त्याला अठरा काय आन् आठ काय."

मला असा राग आला म्हणता. तीन तासांची मेहनत माझी आणि हे चहा पीत शेरे मारणार. पैसे भरले नाहीत, पण ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही. त्या दिवशी बँकेला सुट्टी होती. पुढे आठवड्याभरात तो नंबर बंद पडला. ही गोष्ट मी साडूंना कधी सांगितली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

एवढं सगळं मी पोटात घातलं असतं, पण पुढे त्यांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. दुकानात गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं, तेव्हा मी स्वतःच्या चादरी मोबाइलवरून विकायचं ठरवलं. जाहिरातीचा व्हिडिओ काढला. त्यात मी इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून इतका गोड बोललो, की बायको म्हणाली, "ही भाषा घरात कधी ऐकायला मिळाली न्हाय." शेवटी गिऱ्हाइकांना म्हणालो, "आपलाच समजा, काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा." खाली किंमत : बाराशेची चादर फक्त सहाशेत, आजच्या दिवस. व्हिडिओ कॉलनीच्या गटावर गेला आणि तासाभरात त्याखाली साडूंचा शेरा आला. आवक क्रमांकासकट. "चादर उत्तम. घरी वापरात आहे. परंतु ती बाराशेला कधीही विकली गेल्याचे आढळत नाही. आजच्या दिवस म्हणजे कोणता दिवस, याचा खुलासा व्हावा."

सख्खा साडू. तीन दिवस एकही ऑर्डर आली नाही. सगळा बाजार आधी किंमत फुगवतो आणि मग कापतो, त्याशिवाय गिऱ्हाइकाला घेतल्याचं समाधान मिळत नाही. हे काय मी शोधून काढलं? कुर्डुवाडीच्या लबाडाला भाकरी आणि माझ्या चांगल्या चादरीला खुलासा. मी फोन करून त्यांना नको नको ते बोललो. ते एवढंच म्हणाले, "चादर उत्तम असं आधीच लिहिलंय की मी." मी फोन आपटला. आठ महिने बोललो नाही. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, मध्ये पडली. बायको मध्ये पडली. मी हललो नाही. माझा माल खरा होता, हे आजही सांगतो.

मग गेल्या महिन्यात एका दुपारी बायको दुकानात आली. "अक्काचा फोन होता. दाजींनी पाठवलेले पैसे मिळाले का, इचारतीया. आन् तुमाला लागलंबिगलं तर न्हाय ना?" मला काहीच कळेना. कसले पैसे? मला काय लागायचंय? दुकान तसंच टाकून जुळे सोलापूर गाठलं. साडूंनी दार उघडलं, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बरे दिसताय की."

मग सगळं उलगडलं. सकाळी साडूंना फोन आला होता. आवाज माझा. मी पुण्याला माल घ्यायला गेलोय, अपघात झालाय, मोबाइल फुटलाय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय, घरी कळवू नका, ती घाबरेल, पण ताबडतोब वीस हजार पाठवा. हल्ली म्हणे यंत्राला कुणाचाही थोडा आवाज ऐकवला, की ते हुबेहूब त्याच्यासारखं बोलतं. माझा आवाज कुठे ऐकला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मीच तो व्हिडिओत गोड बोलून गावाला वाटला होता.

"अहो, पण तुमाला संशय न्हाय आला?" मी म्हणालो. राग मला माझ्यावर आला होता की त्यांच्यावर, कोण जाणे. "लोकांच्या योजना चाळणीनं चाळता तुमी."

"आला की. वीस मागितले. मी म्हणालो, दहाच हायत. तर लगेच 'बरं' म्हणाला. तितंच कळलं, ह्यो तुमी न्हाय. तुमी पंधरापाशी आणल्याबिगर सोडलं नसतं."

"मग पाठवले कशाला?"

साडूंनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "शेवटी म्हणाला, काही चुकलं असंल तर मोठ्या मनानं माफ करा."

"ते गिऱ्हाइकांसाठी होतं हो. जाहिरातीतलं वाक्य."

"म्हायती हाय मला. ती जाहिरात मी लई वेळा बघितलीया. तुमी बोलत नव्हता, म्हणून तीच बघत बसायचो." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "शेठ, खोटं असलं तर दहा हजार जाणार होते. खरं असलं आन् मी हितं शेरा लिहीत बसलो असतो, तर तुमी तितं रस्त्यावर. दोन्हीतलं कंचं सोसंल, एवढंच बघितलं."

आयुष्यभरात एका पैशाला न फसलेला माणूस माझ्यापायी फसला होता, आणि तोही कळून-सवरून. याला फसणं म्हणायचं का, हे मला अजून समजत नाही. आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर बसून पोलिसांत गेलो. तिथल्या हवालदाराने जबाब लिहायला घेतला. आवाज कोणाचा होता? साडूंनी माझ्याकडे बोट केलं. हवालदाराने मला खालून वर न्याहाळलं. मग विचारलं, "या इसमाशी तुमचे संबंध कसे आहेत?"

मी टेबलाच्या काठाकडे बघत राहिलो. या माणसाला खोटं लिहून देता येत नाही, हे मला ठाऊक होतं. साडू घाई करत नाहीत. तेव्हाही केली नाही. मग म्हणाले, "घरोब्याचे हायत. लिहा."

पैसे काही परत आलेले नाहीत. येतील असं साडू म्हणत नाहीत, येणार नाहीत असंही म्हणत नाहीत. मी पाकिटात दहा हजार घालून नेले होते; "ते तुमी थोडेच घेतले होते," म्हणून त्यांनी ते घेतले नाहीत. यावर घासाघीस करून पाहिली, पण ते जागचे हलले नाहीत. आता मी आठवड्यातून एकदा तरी दुकान बंद करून तिकडे जातो. चहा होतो, नव्या योजना वाचल्या जातात, मी माझ्या चादरींचा विषय काढतो आणि तेही आपलं म्हणणं सोडत नाहीत. दर वेळी निघताना जिन्यात चप्पल घालताना एक वाक्य तोंडाशी येतं. आठ महिन्यांत केव्हाही म्हणता आलं असतं, फुकट म्हणता आलं असतं. पण ते आता कुणीतरी माझ्याच आवाजात, माझ्याआधी म्हणून गेलंय. आणि मी म्हटलं तर ते त्यांना माझं वाटेल की नाही, याचा विचार करेपर्यंत मी खाली रस्त्यावर आलेलो असतो. वर गॅलरीत साडू उभे असतात. ते हात करतात, मीही करतो.