सिस्टरबाईंची विलायती गाडी

ताडकळसच्या आमच्या सिस्टरबाईंची जुनी विलायती मोटरसायकल दुसऱ्या कुणाला चालवता यायची नाही, आणि बाईंना त्याचा भारी अभिमान. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पोरं हसायची, "सिस्टर, गाडी उलटी हाय तुमची." बाई म्हणायच्या, "गाडी आधी आली, तुमी मागून. उलटे तुमी."

दवाखान्यातून निवृत्त झाल्या, नवरा गेला, तरी काष्टा घालून पेडगावला लेकीकडं त्याच गाडीवर. किक मारताना जोर नाही. हँडलवरची बारकी दांडी मागं घ्यायची, म्हणजे स्पार्क जरा उशिरा पडतो. पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढं आणायचा. मग एकच किक. "ताकदीचं काम न्हाई, वेळ साधायचं हाय."

मी सातवीतून शाळा सोडलेला. बसस्टँडजवळ माझं गॅरेज होतं, पण नट खोलायचीसुद्धा भीती, काही बिघडलं तर? एके साली बाईंचा पाय मोडला आणि गाडी चार महिने उभी राहिली. त्यांच्या मुलानं गाडी विकायला परस्पर शहरातला व्यापारी टेम्पोसकट बोलावला. गाडी चालू करून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. तेलाची टाकी रिकामी दिसली, म्हणून भरली. व्यापाऱ्यासमोर किक मारली तर धुराचा लोट, सांध्यासांध्यातून तेल.

"मावशी, इंजिन गेलं. भंगाराच्या भावानं नेतो," व्यापारी ओसरीवर बसलेल्या बाईंना म्हणाला.

मुलगा माझ्यावर खेकसला, "सातवीवाल्याच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार!"

मी पाना खाली ठेवून मागं सरलो. बाई काठी टेकत आल्या, वाकून बघितलं आणि हसल्या. "गेलं न्हाई काई. ह्या गाडीचं तेल वेगळ्या टाकीत ऱ्हातंय. लय दिवस उभी केली की झिरपून इंजिनच्या पोटात उतरतंय. तू वरून आणखी पाजलास, लेका." मग माझ्याकडं बोट करून मुलाला म्हणाल्या, "खालचा बोल्ट हाच खोलील. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

खोलला. पातेलंभर तेल निघालं. टाकीतलं तेल मापाला आणलं, बाईंनी काठी मुलाच्या हातात दिली आणि स्वतः किक मारली. ठोके पडायला लागले. "जयभीम," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या, "टेम्पो रिकामाच न्या." आणि पेडगावच्या रस्त्याला लागल्या.

त्यांचं शेवटचं तोंड बघायला मी पोचलो नाही. इतक्या लांब, कोइमतूरच्या कारखान्यात होतो. भीती अजून वाटते. परवा माझ्या हातून एक मशीन बंद पडलं आणि साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कुणी बिघडवलं? मी पुढं झालो.

"मी बिघडवलं," म्हटलं, "आणि मीच खोलणार."